मागे बघून वळायची रीत

पेणहून गणपतींचा टेम्पो रोह्यात शिरला की आधी त्याचा वास येतो, ओल्या शाडूचा आणि ताज्या रंगाचा. आज संध्याकाळी तो नेमका आमच्या समाजमंदिराच्या दारात येऊन थांबला. आत माझा तायक्वांदोचा वर्ग चालू होता. प्लास्टिकच्या कागदाखाली मूर्ती दाटीवाटीनं उभ्या होत्या, ड्रायव्हर दोऱ्या तपासत होता, आणि माझी सगळी मंडळी लाथा सोडून खिडकीला चिकटली. हा वास आला की लोकांना प्रसन्न वाटतं, माझी मात्र चिडचिड होते. पेण माझं माहेर, तेव्हा आठवायला पुष्कळ काही आहे. पण मला आठवते ती फक्त एक मान, वळण्याआधी थांबून मागे बघणारी. त्या मानेनं गेलं वर्षभर माझं डोकं फिरवलं आहे.

झालं असं. तायक्वांदोत नवीन माणसाला पहिल्यांदा एक छोटी आकृती शिकवतात. समोर कोणी नसतं. डावीकडे वळायचं, खालून येणारी लाथ अडवायची, पाऊल टाकून ठोसा मारायचा, मग पुरतं मागे फिरून पुन्हा तेच, असं करत करत जिथून निघालो तिथं परत यायचं. दिसायला सोपं, करायला कंटाळवाणं, आणि सगळ्या शिक्षणाचा पाया म्हणे तोच. मी हे पेणच्या सरांकडे शिकले, नगरपालिकेच्या हॉलमध्ये. सरांच्या आकृतीत एक गोष्ट होती. मागे फिरण्याआधी क्षणभर थांबायचं, कोपर पोटाशी घ्यायचं, हनुवटी खांद्यावर नेऊन मागे नीट बघायचं, आणि मगच फिरायचं. का, असं विचारलं की सर म्हणत, "मूळ कोरियातलं हाय. शत्रू मागनंच येतो." लग्न होऊन रोह्याला आले, वर्ग काढला, आणि सरांचा शब्द न् शब्द इथल्या मंडळींच्या अंगात मुरवला. सर स्वतः परीक्षा घेत होते तोवर कोणाची तक्रार नव्हती. त्यांचे गुडघे गेले, आणि मुंबईकडचे परीक्षक येऊ लागले.

पहिल्याच परीक्षेत त्या गृहस्थांनी अख्ख्या वर्गाला मध्येच थांबवलं. "मॅडम, हे काय आहे? तायक्वांदो करतायत की रस्ता क्रॉस करतायत?" लहान मुलांना त्यांनी सांभाळून घेतलं, मोठ्यांमध्ये एकच बाई होती, तिला मात्र नापास केलं. ही बाई जवळच्या निडी गावची. नागोठण्याच्या बाजूला कंपनीत कंत्राटी कामाला, आठवड्याआड शिफ्ट बदलणारी, नवरा आखाती देशात. दोन लेकरांची आई या वयात पांढरा ड्रेस घालून लाथा मारते म्हणून गावात पुष्कळ हसू झालेलं. सासूनं परवानगी दिली होती ती अटीवर: पट्टा घेऊन ये, नाहीतर ही थेरं बंद. नापास झाल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, सासूबाई अजून एक बारी सोडतील. पुन्यांदा नाय सोडायच्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षकाला मूळ दाखवायचं म्हणून मी मुळाचाच शोध घ्यायला बसले, आणि तिथून माझ्या वैतागाला धरबंध राहिला नाही. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक म्हणतो, दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरियन योद्धे हेच करायचे. दुसरा खाजगीत कबूल करतो की या पायाभूत आकृत्या जपानी कराटेच्या आहेत. जपानात शिकायला गेलेल्या कोरियन तरुणांनी त्या घरी नेल्या, थोड्या फिरवल्या, नावं बदलली. मग कळतं की जपान्यांनी त्या ओकिनावा बेटावरून उचललेल्या, बेटावरच्यांनी चीनकडून. एवढ्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे एक काका मध्ये पडतात: हे सगळं मुळात आपल्याकडूनच गेलं. खाली हात जोडल्याची चित्रं, अभिमानाचे झेंडे, सुप्रभात. प्रत्येकाला मूळ आपल्याच परसात हवं असतं. आणि या कोरिया, जपान, चीनच्या गोंधळात माझी मान कुठेच नाही! एकाही पुस्तकात, एकाही व्हिडिओत कोणी खांद्यावरून मागे बघत नव्हतं.

शेवटी पेणला गेले. रोहा ते पेण हा प्रवास अंतरापेक्षा सहनशक्तीचा आहे. वाटेतल्या महामार्गाचं काम माझ्या लग्नाआधीपासून चालू असावं असा माझा समज आहे. एसटीनं हाडं खिळखिळी केली, त्यामुळे पोचले ती भांडायच्या तयारीनंच. सर घरी नव्हते, पुतण्याच्या गणपतीच्या कारखान्यात होते. पत्र्याची लांबट शेड, दोन्ही बाजूंना फळ्यांवर कच्च्या पांढऱ्या मूर्ती, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. सर टोकाला स्टुलावर बसून एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते.

"काय गो, आज इकडं कुठं?"

मी सगळं ओकून टाकलं. परीक्षक, नापास झालेली बाई, तिची सासू, कोरिया, जपान. सरांनी ब्रश धुतला, पुसला, आणि म्हणाले, "कर बघू. इथंच कर."

इथं? या बोळात? पण सरांना नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. मी उभी राहिले आणि सुरू केलं. अडवणं, पाऊल, ठोसा. आता मागे फिरायचं, म्हणून थांबले, कोपर आपोआप पोटाशी आलं, हनुवटी खांद्यावर गेली, आणि मला मागची सोंड दिसली. कोपरापासून वीतभर अंतरावर, ओली, न रंगवलेली. मी तशीच उभी राहिले.

"सर, तुम्ही सुरुवातीला वर्ग कुठं घेत होता?"

"इथंच की. हॉल मागाहून मिळाला."

"म्हणजे हे कोरियाचं नाही."

"मग?" सरांच्या आवाजात ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. "सोंड तुटली असती तर तुझा कोरिया येनार होता जोडायला?"

मला हसावं की रडावं कळेना. वर्षभर मी ज्या मुळासाठी देशोदेशी हिंडले ते या शेडमध्ये फळीवर वाळत होतं. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून कोणे एके काळी चार पोरांनी घेतलेली काळजी, तिचा नियम झाला, नियमाला कोरियाचं नाव चिकटलं, आणि त्या नावापायी निडीची एक बाई नापास झाली. राग आला तो याचा. सरांचं खोटं नव्हतंच धड. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटू लागलं असणार. त्या योद्ध्यांच्या कथाही बहुतेक अशाच कुठल्यातरी शेडमध्ये जन्मल्या असतील.

परत आले आणि वर्गाला सांगितलं, उद्यापासून मागे बघणं बंद. मुलांनी दोन दिवसांत टाकलं. मुलांना काय, आज शिकवा, उद्या विसरतील. निडीची बाई मात्र अडून बसली. "मॅडम, माझा ठोसा कोनाला लागायचा नाय. शिफ्ट सुटल्यावर स्टेशनापास्नं घराकडं जाते ना, तवा कामाला येतं ते येवढंच. तेच काडून टाकू?"

मी म्हटलं, परीक्षेपुरतं काढ. आणि तिची मान सरळ ठेवायला आम्ही दोघींनी जी मेहनत घेतली ती लाथांवर घेतली असती तर ती राज्य स्पर्धेत गेली असती. तिची मान वळायची, मी ओरडायची, ती वैतागायची, मी तिच्याहून वैतागायची. कारण ओरडता ओरडता मी स्वतः करून दाखवायला गेले की माझीही मान वळायचीच.

परीक्षेच्या दिवशी ती उभी राहिली. अडवलं, पाऊल, ठोसा. क्षणभर थांबली. परीक्षकाचं पेन वर उचललं गेलं. आणि ती सरळ फिरली, पुस्तकातल्यासारखी, कुठेही न बघता. पास झाली. पिवळा पट्टा तिनं तिथंच कमरेला आवळला. सासूला तसाच दाखवणार होती.

निघताना परीक्षक आणि मी दारात उभे होतो. ती स्टेशनाच्या दिशेनं चालली होती. कोपऱ्यावर पोचली, थांबली, हनुवटी खांद्यावर नेली, मागचा रस्ता नीट पाहिला आणि मग वळली.

"बघा," परीक्षक खुशीत म्हणाले, "रस्त्यावर बघायचं, आकृतीत नाही. आता बरोबर."

मी मान डोलावली. आज टेम्पो निघून गेल्यावर वर्ग पुन्हा सुरू झाला. सगळे कसे पुस्तकाबरहुकूम फिरतात. पेणच्या शेडमधलं ते वळण वर्गातून गेलं, सरांनंतर पेणमधूनही जाईल, आणि ते कुठून आलं हे विचारणारंही कोणी उरणार नाही. परीक्षकांना त्या दिवशी एक गोष्ट दिसली नव्हती. कोपऱ्यावर मागे बघताना तिनं कोपर पोटाशी घेतलं होतं. रस्ता मोकळा होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी सोंडेपुरती वीतभर जागा तिनं सोडली होती.