मीठ लावलेली संत्री

ऑफिसातून आलो की हल्ली जेवायचाही कंटाळा येतो. काल बेसिंगस्टोकच्या घरात, किचनमध्ये उभ्याउभ्याच संत्रं सोललं आणि त्या वासासरशी कॉव्हेंट्रीतलं आमच्या कॉलेजचं मैदान आठवलं.

सत्त्याऐंशी साल असेल. आई कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला होती आणि मी फुटबॉल टीममध्ये. मैदान कँटीनच्या मागेच, कायम चिखलाने भरलेलं. दर बुधवारी मॅच असायची. हाफटाइमला खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायची इंग्लंडमधली पद्धत. शिफ्ट संपवून आई त्यांवर मीठ-तिखट भुरभुरवून ट्रे घेऊन यायची, साडीवर एप्रन आणि एप्रनवर कार्डिगन. पोरं हसायची, पण ट्रे रिकामा करायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे मॅचेस कॉलेजातच खेळायच्या की गावाबाहेरच्या नव्या स्टेडियमवर, यावर टीमचं मतदान झालं. कॅप्टन म्हणाला, इथे निदान आपली माणसं बघायला येतात. मी स्टेडियमसाठी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, मला चांगली हिरवळ हवी आहे. एका मताच्या फरकाने स्टेडियम ठरलं.

घरी सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती.

"तिथे बस जाते का रे?"

"नाही गं."

"बरं," ती म्हणाली. "मग फोडी डब्यात देत जाईन."

बस होती. दर बुधवारी तो डबा मांडीवर घेऊन मी त्याच बसने जायचो.