डावी कळी

देवीवर माझा राग नाही. हरीदादावर आहे, आणि तो मी लपवणारही नाही.

हरिश्चंद्र माझा थोरला भाऊ, मुंबईत असतो. मी राही, रत्नागिरीत एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. आणि जिच्यावरून हे सगळं रामायण घडलं ती आमची आई, हौसाबाई, संगमेश्वराकडच्या आमच्या गावी एकटी राहते. वय अडुसष्ट. घर खाली नदीकडे, रस्ता वर, मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी, ब्याऐंशी पायऱ्यांची. मुळा नि पावट्याची पाटी डोक्यावर घेऊन ती पाखाडी आई तीस वर्षं बाजारासाठी चढली. वाटेत कुणी "दमलीस काय गो?" विचारलं तर त्याच्यावरच खेकसायची. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा तिचा एक वाफा रिकामा राहिला नाही. तिला कौतुक चालत नाही आणि मदत तर मुळीच चालत नाही.

जानेवारीत वानरांचा कळप पावट्यात उतरला. आई कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून त्यांना दगड मारत होती, तेवढ्यात पायाखालचा चिरा सुटला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन रत्नागिरीत झालं आणि व्यवस्थित झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन तिला चार पावलं चालवली. त्या वेळी मी माझ्या पोराला आणायला शाळेत गेले होते, हरीदादा तिथे होता. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावलं, रोज चालवा, झोपवून ठेवलंत तर घात होईल. हरीदादाने मान डोलावली. मी बघितलंय.

मी रजा टाकून आईबरोबर गावी आले. मुंबईला परतण्याआधी हरीदादा नारळ घेऊन देवळात गेला. आमच्याकडे काही ठरवायचं झालं की गावदेवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नको. विहीर कुठे पाडायची इथपासून पोरीला कुठे द्यायची इथपर्यंत सगळं तिथे विचारतात. हरीदादा परत आला तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "डावी पडली. म्हैनाभर आयशीला हलवायची नाय." आणि दुपारची गाडी पकडून चालता झाला. पुढचं सगळं मी निस्तरायचं होतं ना!

फोनवर मी भांडले. तो म्हणाला, "डाक्टर मोठा की देवी, ता सांग." याला आमच्या गावात एकच उत्तर आहे, म्हणून मी दातओठ खात गप्प बसले. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "देवीन नको सांगितलान ना? मग नको." जन्मात कुणाचं न ऐकणारी बाई इतक्या मुकाट्याने ऐकते, याचं मला नवल वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला फक्त हरीदादाचा राग येत होता.

व्यायाम करून घ्यायला देवरुखहून वेदिका नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. पोरगी ब्याऐंशी पायऱ्या उतरायची, आई तिला चहा द्यायला सांगायची, अंगाला हात लावू द्यायची नाही. एकोणिसाव्या दिवशी वेदिकाने न विचारताच आईच्या पायावरची गोधडी बाजूला केली. टाच लाल होऊन सोलवटली होती. पाखाडी चढणारी ती पोटरी लुळी पडली होती.

"ताई, आणखी दहा दिवस असेच गेले तर या पुन्हा चालतील असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. वेदिकाला आईजवळ बसवून मी तशीच देवळात गेले. महिपत गुरव सभामंडप झाडत होते. त्यांना म्हटलं, "काका, पुन्हा कौल लावा. माझी आई अंथरुणात सडत्येय."

त्यांनी झाडू खाली ठेवला. "सडत्येय? कशाला गो?"

"देवीने हलवू नको सांगितलंय ना!"

"कोन बोलला?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "हरीन काय इचारलान ता मना म्हायत हाय. म्हैन्याच्या आत आयशीला देवळात आणून नवस फेडू काय, येवढाच इचारलान. डावी पडली. ती पाखाडी चढून हितं येऊ नको, येवढाच त्याचा अर्थ. हतरुणात निजवून ठेवा, असा देवीन कधी सांगितलान?"

मी तिथूनच हरीदादाला फोन लावला. "अगो, दोन्ही एकच ना?" म्हणे. "देवळात न्यायची नाय म्हंजे हलवायची नाय." एकच! एकोणीस दिवस माझी आई अंथरुणाला खिळून होती आणि याच्या लेखी दोन्ही एकच. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. महिपतकाकांनी ऐकलं आणि झाडू उचलला.

घरी आले तर वेदिका निघायच्या तयारीत होती. ती गेल्यावर मी आईपुढे सगळं ओकले. हरीदादाची अक्कल काढली, गावाची काढली. वाटलं, आता हीही चिडेल. ती छताकडे बघत राहिली.

"मना म्हायत व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"हरीचा सवाल. नारळ घेऊन जाताना मनाच सांगून गेलान."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"हास्पिटलात उभी केलीत ना, तवा कापडातच लगवी झाली माजी. चार परके बापये बगत व्हते. माजा पोरगा बगत व्हता." तिने गोधडी छातीपर्यंत ओढली. "पाय लटलट कापत व्हते. आता उभी ऱ्हायले की पुना तसाच व्हयल. मना भ्या वाटता, राये."

माझी आई आणि भीती!

"डाक्टरला इचारलात, देवीला इचारलात, त्या पोरीला इचारलात. तू आत्ता पुना देवळात जाऊन आलीस." ती माझ्यावर डोळे वटारून बघत होती. "माजा पाय, आनि मना कोनी इचारलान नाय. तू पन नाय."

एकोणीस दिवस मी तिच्या उशाशी बसून भावावर चिडत होते. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आता विचारते. काय करू?"

"दार लाव. वाकर आन. माज्याम्होरं उभी ऱ्हा, पन तोंड तिकडं कर."

मी दार लावलं. तिला खाटेच्या काठावर बसवलं, वॉकर हातात दिला आणि तिच्यापुढे भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे खाट करकरली. ती वानरांना शिव्या देत होती, मग हरीला, मग मला. मग वॉकरचे पाय शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. जमिनीवर काहीतरी ठिबकल्याचाही आवाज आला.

मी मान वळवली नाही.