सरलाबाईंनी शिवलेली गादी

सरलाबाईंना काय सांगायचं, ते सुरतेच्या पांडेसऱ्यात रिक्षातून उतरेपर्यंत रोहितला ठरवता आलं नाही. कुंदनला काल अग्नी दिला होता. तो खडकावरून पडला, एवढंच त्याच्या आईला, सरलाबाईंना, माहीत होतं. कसा पडला, ते रोहित आणि योगराज या त्याच्या दोघा मित्रांनीच पाहिलं होतं.

कुंदन डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होता. वाफेत उभं राहायचं आणि ओलं, जड कापड बाहेर ओढायचं. त्या आठवड्यात कोणता रंग चालू आहे, ते त्याच्या नखांवरून कळायचं. वडील सुकदेव शिरपूरकडून याच कामाला आले होते आणि याच कामात खोकून संपले. आई घरी साड्यांना लेस लावायची.

अशा माणसाला दगड चढायचं वेड लागलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याने सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी तिघं कामरेजकडच्या एका बंद खाणीत जायचे. दोर नाही, काही नाही. दीड-दोन पुरुष उंचीचे दगड, आणि पडलं तर खाली गादी.

"आठवडाभर ओढतोच की," तो म्हणायचा. "इथे तरी काही ओढायला नको."

रोहित काठावर पुस्तक घेऊन बसला की कुंदन वरून अर्ध्या गुजरातीत ओरडायचा, "ए बी.ए.! पुस्तकातला डोंगर चढून धाप लागते का? चाल ने, हात लाव!"

गादी सरलाबाईंनी शिवली होती. आत जुन्या सोफ्याचा फोम, बाहेर डाग पडल्यामुळे परत आलेलं मोरपंखी सॅटिन. वर-खाली, दोन्हीकडे चकचकीत.

"मावशी, लग्नातली गादी आहे का ही?" योगराज हसला होता.

"ऱ्हाऊ दे रे! चार लोकांमा लई जाशात. चांगली दिसाले पाह्यजे," सरलाबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या होत्या.

सुरतेत उशीपासून पडद्यापर्यंत हेच कापड. ते निसरडं असतं, हे कुणाच्या मनात येणार? खाणीतल्या खडबडीत मुरमावर गादी कधी हललीही नव्हती.

या खेपेला ते सोनगडच्या पुढे गेले, नदीकाठी. तिथले खडक पाण्याने घासून गुळगुळीत झालेले. खालचा कातळ उतरता. एका मोठ्या दगडाच्या माथ्याची कड कुंदनच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होती. तो गादीवर पडायचा, हसायचा, परत चढायचा. दरवेळी गादी जराशी सरकायची. योगराज ती पायाने जागेवर ढकलायचा.

मग कड हाती आली. कुंदनने मान वळवून खाली पाहिलं.

"बी.ए., फोटो काढ लवकर!"

हात सुटला. पाय गादीच्या बरोबर मधोमध टेकले. गादी त्याच्यासकट उतारावरून निघाली, थप्पीवरची साडी घसरावी तशी. डोकं मागच्या दगडावर आदळलं. आवाज फार मोठा नव्हता.

"गादीचं मावशीला बोलायचं नाही," दवाखान्याबाहेर योगराज म्हणाला.

सरलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या मंगलाबाईंनी आणलेली भाकरी ताटात तशीच होती; मंगलाबाई बाजूलाच बसल्या होत्या. रोहित समोर बसला.

"जेवना का भाऊ तू?"

जेवलो नाही, म्हणून त्याने मान हलवली.

"एक सांग. गादी व्हती ना खाले?"

"होती, मावशी."

"मंग?"



"तो गादीवर पडलाच नाही. बाजूला पडला. गादीच्या बाहेर."

सरलाबाईंनी दोन्ही हात पसरून फरशीवर माप धरलं. जरा वाढवलं. परत कमी केलं.

"इतलीच व्हती," त्या म्हणाल्या. "कापड उरेल व्हतं मंगलाबाई, घरमा पडेल शे अजून. मीच ल्हान शिवी."

मंगलाबाईंनी त्यांचे हात धरले. रोहितने काही बोलायला तोंड उघडलं. गादी घसरली हे खरं सांगितलं, तरी त्या चूक माझीच, हेच म्हणणार होत्या.