पालथा तळवा

बाबा गेले तेव्हा मला एकाच गोष्टीचं समाधान होतं. शेवटची दीड-दोन वर्षं ते रोज दुपारी हेडफोन लावून मोबाईलवर दशावतार बघत बसायचे, आणि तो हेडफोन मी आणून दिला होता. माझा स्वभाव तापट. त्यांना मी उभ्या आयुष्यात कमी बोललेले नाही. पण एवढं सुख तरी माझ्या हातून त्यांना मिळालं, असं मी स्वतःला समजावत होते.

खरं सांगायचं तर तो आणला होता माझ्यासाठीच. मी घरूनच ऑफिसचं काम करते, आणि आमचं मुलुंडचं घर म्हणजे एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीत ऐकू येतं. बाबांचं तारुण्य गिरणीच्या साचाखात्यात, मागांच्या धडधडाटात गेलं. डावा कान ठार बहिरा, उजवा कामापुरता. त्यामुळे मोबाईल एवढा मोठा लावायचे की माझ्या मीटिंगमध्ये राक्षसाची आरोळी शिरायची.

साचाखात्यात बोललेलं ऐकूच यायचं नाही. तिथली माणसं समोरच्याचे ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. चहा आला, साहेब येतोय, सुट्टी हवी, सगळ्याला खुणा. घरी आल्यावरही बाबांचे हात तसेच चालायचे. लहानपणी आम्ही भावंडं त्याच खुणांनी खेळायचो.

"ह्यां आनि कित्याक?" हेडफोन बघून बाबा म्हणाले होते. पण त्यांनी तो जपला. रोज दशावतार संपला की पुसायचे, घडी घालायचे, जुन्या सदऱ्याच्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायचे. गिरणीची शिस्त.

काही महिन्यांनी ते तो उलटा घालायला लागले. वायर डावीकडे यायला हवी, ती उजवीकडे लोंबायची. मला वाटलं, वय झालं.

"बाबा, परत उलटा? अक्षरं लिहिलीयत ना त्याच्यावर, डावं-उजवं?"

मी तो काढायची आणि सरळ करून त्यांच्या डोक्यावर बसवायची. ते माझ्याकडे बघायचे, हात वर करायचे आणि तळवा पालथा करायचे. मला वाटायचं, असू दे, जा तू कामाला, असं म्हणतायत. मग मी लॅपटॉपकडे पळायची. वळून बघावं तर ते स्क्रीनकडे बघून हसत असायचे. आठ-दहा दिवस हे चाललं. मग त्यांनी उलटा घालणं सोडलं. मी मनात म्हटलं, शिकले एकदाचे.

ते गेल्यावर महिन्याभराने मी खोकं उघडलं. मीटिंगला वापरू म्हणून हेडफोन कानाला लावला, तर एकाच बाजूने आवाज. स्टेशनजवळच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे घेऊन गेले. त्याने उजव्या बाजूची गादी काढली, चिमट्याने एक बारीक तार उचलून दाखवली.

"ताई, ही साईड डेड आहे. घडी घालून घालून तार तुटलीय. आणि आत्ताची नाय हां. हा बघा, हिरवा गंज चढलाय. वर्ष तरी झालं असेल."

उजवी बाजू. बाबा तो उलटा घालत होते, कारण चालू डावी बाजू त्यांच्या चालू उजव्या कानावर यायला हवी होती. आणि मी रोज ती काढून बहिऱ्या कानावर बसवत होते. त्यानंतर वर्षभर त्यांनी दशावतार ओठ वाचून बघितला. हसायचे ते गावच्या जत्रेत बघून बघून पाठ झालेल्या प्रसंगांना.

मला त्यांनी सांगितलं नव्हतं असंही नाही. वर केलेला हात, पालथा तळवा. साचाखात्यात त्याचा अर्थ एकच होता, साचा, म्हणजे माग, बंद पडलाय. सात वर्षांची असताना मला ही खूण येत होती. पंखा बंद पडला, नळ गेला की आम्ही हीच खूण करून दाखवायचो. नंतर कधीतरी मी ती विसरले. बाबांना कुठे माहीत, मी विसरलेय ते. त्यांना वाटलं असणार, पोरीला कळतंय, पण तिला वेळ नाही. ह्याची मला लाज वाटते, आणि आता ती सांगायला समोर कुणी नाही.

रिपेअरवाल्याने तार जोडली, गादी चिकटवली, एक गाणं लावलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. "ऐका. झकास चालतोय ना दोन्हीकडून?"

दोन्ही कानांत स्वच्छ आवाज येत होता. मी हात वर केला आणि तळवा पालथा केला.

"बरं, असू दे मग," असं म्हणून त्याने गाणं बंद केलं.