अकरावी जागा

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खाली प्रतिक्रिया देताना एक-दोघांची फिरकीही घेतलीय, त्यांनी मोठ्या मनाने माफ करावं... कारण आज माझीच पाळी आलीय. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भूत, भानामती, अंगात येणं असल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. दारात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर ते उचलून, धुऊन, सरबत करणाऱ्यांपैकी मी आहे.

आणि आधीच सांगून ठेवते, यात रात्र नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. जे झालं ते दुपारी साडेचारच्या सुमारास, लख्ख उन्हात, हजारभर माणसांसमोर झालं. आणि ते माझ्याच पायांनी केलं!

गोष्ट सोलापूरची, सत्तरच्या दशकाच्या मध्यातली. आम्ही पूर्व भागात राहायचो. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट. वडील मिलमध्ये, आई ओट्यावर बसून विड्या वळायची. अशा आमच्या वस्तीत एक नृत्यनाट्य मंडळ होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, जुनी माणसं ओळखतीलच. पोस्टरवर ठळक अक्षरांत ‘बॅले’ असं छापलेलं असायचं. बाहेरगावचे लोक हसायचे... सोलापुरात चादरी होतात, बॅले कुठून आला? आमचे नरसय्या मास्तर त्यांना एवढंच म्हणायचे, “या की बघाय.” जे आले ते पुन्हा कधी हसले नाहीत.

मास्तर मूळचे विणकर. मंडळ त्यांनीच उभं केलं, आणि त्या वर्षी त्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. रौप्यमहोत्सवाचा हंगाम होता. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा असे खेळ करत करत शेवटचा खेळ आमच्याच वस्तीत, शाळेच्या पटांगणावर, रविवारी दुपारी तीन वाजता. तिकीट नाही. मागावरची आणि विड्यांवरची माणसं सहकुटुंब यावीत म्हणून मास्तरांनी दुपारची वेळ धरली होती.

आमच्या खेळाचा शेवट गोफाने व्हायचा. गोफ तुम्ही पाहिला असेल. वर बांधलेल्या रंगीत फिती, एकेक फीत एकेकीच्या हातात, आणि नाचत नाचत त्यांची वेणी घालायची. मग तीच पावलं उलटी टाकत ती सोडवायची. नेहमीच्या गोफात सगळ्याजणी सारख्याच आत-बाहेर जातात. मास्तरांचा गोफ तसा नव्हता. त्यांनी तो चादरीच्या नक्षीसारखा बसवला होता. सोळा मुली, सोळा फिती, आणि वेणीवर चार रंगांचे चौकटीचे फुलोरे उमटायचे. त्यामुळे प्रत्येक जागेची वाट वेगळी. एकीचं एक पाऊल चुकलं तरी गाठ बसणार आणि शेवटी सोळा फिती सुट्या होऊन वाऱ्यावर उडतात तो क्षण येणारच नाही. पंचवीस वर्षांत आमचा गोफ एकदाही अडकला नव्हता. वस्तीतली माणसं हे इतक्या अभिमानाने सांगायची, जणू ती स्वतःच नाचत होती.

त्यात एक पद्धत होती. लग्न ठरलेली मुलगी आपली जागा पुढच्या मुलीला ‘सोपवायची’. महिनाभर आपल्या घरी बोलावून वाट शिकवायची, शेवटच्या दिवशी नारळ आणि आपली फीत तिच्या हातात द्यायची. एका जागेची वाट एकीलाच. तिसरीला शिकवायची नाही. मास्तर म्हणायचे, “दुसरीची वाट डोस्क्यात शिरली की आपली हुकती.” ऐकायला छान आहे, पण याचा अर्थ बदली मुलगी एकही नाही! इतका शहाणा माणूस, पण ही चूक पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. कारण पंचवीस वर्षांत कुणी आजारीच पडलं नव्हतं.

पडली ती अकराव्या जागेवरची. कौसल्या. शुक्रवारी मंगळवेढ्याचा खेळ झाला, आणि शनिवारी सकाळी निघताना एका शेतकऱ्याने आम्हाला हुरड्याला नेलं. दही, शेंगाचटणी, गूळ. “खावा की ताई, लाजू नगा,” असं तो म्हणाला, आणि कौसल्या अजिबात लाजली नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता ती परसाकडून परत येते न येते तोच पुन्हा तिकडे पळत होती.

मी तेव्हा सतरा वर्षांची. मंडळात येऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या अंकात हरिणी व्हायचं आणि उरलेला वेळ कपड्यांच्या घड्या घालायच्या, एवढंच माझं काम. मास्तरांना मोतीबिंदूमुळे उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यांनी विचारलं, “कौसल्याएवढी उंच कोन हाय?” सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला रडूच फुटलं. “मास्तर, मला ती जागा येत न्हाई.”

“म्हाईत हाय की. जा, तिच्याजवळ बस. हुईल तेवढी शीक.”

“आन् बाकीची वाट?”

ते म्हणाले, “पद्मा, माझी दिष्टी गेली. हा माझा शेवटचा हंगाम. गोफ गाळला तर लोक म्हनतील, मास्तर भ्याला. अडकला तर अडकू दे, पर लोकांसमोर अडकू दे.” पंचवीस वर्षांचं नाव माझ्या पायांवर ठेवलं गेलं होतं.

कौसल्याने गोधडीवर सोळा काड्या मांडून मला शिकवायला सुरुवात केली. दोन काड्या हलवायची, पोट धरायची, पळायची. परत आली की विचारायची, “कुटं हुतो गं आपन?” दोन वाजेपर्यंत वेणी घालण्याची निम्मी वाट झाली. सोडवण्याची तर सुरूही झाली नाही. शेवटी तीच रडायला लागली. “सरोजाक्का पायजे हुती बघ. तिनं डोळं मिटून केलं असतं.”

सरोजाक्का म्हणजे कौसल्याच्या आधीची अकरावी. सात वर्षं तिने ती जागा नाचली, मग लग्न होऊन इचलकरंजीला गेली. रौप्यमहोत्सवाचं आमंत्रण सगळ्या जुन्या मुलींना गेलं होतं. सरोजाच्या सासरहून, नाचगाण्याला सून पाठवत नाही, असा निरोप आला. तिचं स्वतःचं एक कार्ड मागाहून आलं, तालमीत सगळ्यांसमोर वाचलं होतं. ‘माझी जागा नीट सांभाळा’ एवढंच त्यात होतं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही भिवंडीहून सोलापुरात आलो तेच तिच्या लग्नानंतर. हे लक्षात ठेवा, कारण इथले हुशार लोक पहिली शंका हीच काढणार.

गोफाला पेटी-तबला नसायचा. मास्तर विंगेत बसून एका पाटावर जुना धोटा आपटायचे. धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन पळतो तो लाकडी तुकडा. त्या ठोक्यावर सोळा मुलींच्या पायांतले चाळ, बाकी काही नाही.

पटांगण गच्च भरलं होतं. पोरं भिंतीवर चढून बसली होती. गोफ सुरू झाला आणि मी काड्या आठवत, मोजत, कशीबशी पुढे सरकत राहिले. आणि मग माझं शिकलेलं संपलं. पुढचं पाऊल उजवीकडे की डावीकडे, वरून की खालून, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी ठरवलं, थांबायचं. खरंच ठरवलं!

पाय थांबले नाहीत.

अंगात आलं वगैरे मुळीच नव्हतं हं. मी पूर्ण शुद्धीत होते. तिसऱ्या रांगेतले शेजारचे काका शेंगा सोलताना मला स्वच्छ दिसत होते. पण पाय आपले चालले होते — दोघींच्या खालून, एकीच्या वरून, गिरकी, मागे. आणि प्रत्येक गिरकीआधी उजवी टाच फळ्यांवर दोनदा वाजत होती. टक-टक. कौसल्याने मला एकच टाच शिकवली होती. मी दुसरी आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आनंद होत होता. इतकं चांगलं मी आयुष्यात नाचले नव्हते.

वेणी पूर्ण झाली. वर फुलोरे उमटले. आम्ही उलट फिरलो, आणि अर्ध्या वाटेवर मास्तरांचा धोटा थांबला.

असं कधीच झालं नव्हतं. पटांगणात एकदम शांतता पसरली. आता बाकीच्या पंधराही मुली चुकणार हे मला कळत होतं. पण माझी टाच वाजत राहिली. आता नुसती गिरकीआधी नाही, तर ठोक्यागणिक. टक-टक, टक-टक. एक अख्खा फेरा सगळ्याजणी त्या टाचेवर नाचल्या. लोकांना वाटलं असंच बसवलंय, आणि त्यांनी कडाडून टाळ्या दिल्या. मग धोटा परत सुरू झाला... माझ्या टाचेच्या मागोमाग.

आणि गोफ सुटला. सोळाच्या सोळा फिती उन्हात मोकळ्या उडाल्या. माणसं उभी राहिली. शेंगा सोलणारे काका चक्क रडत होते. आजही हे लिहिताना माझी मान ताठ होते.

आत गेल्यावर मास्तर चाचपडत उठले. “अदि एवरु?” त्यांनी तेलुगूत विचारलं. ती कोण? “अकराव्या जागेवर कोन हुतं?”

“मी, मास्तर. पद्मा.”

त्यांनी माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवून खात्री करून घेतली. मग मला बाजूला नेऊन हळूच म्हणाले, “दोन टाचा सरोजा मारायची. सात वर्सं वरडलो तिला, सुटली न्हाई. कौसल्याला शिकिवताना ती खोड गाळ म्हनून बजावलं हुतं. आज ती टाच ऐकली आन् माझा हातच थांबला बघ.” हे कुणाला बोलू नकोस, असंही म्हणाले. लोक काहीबाही म्हणतील. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती वाट परत करायला सांगितलं. मी निम्म्यापर्यंत गेले आणि खांबासारखी उभी राहिले. पुढचं एक पाऊल आलं नाही.

पुढच्या दिवाळीला सरोजा माहेरी आली. मूल कडेवर घेऊन थेट आमच्या ओट्यावर. बारीक चणीची, हसरी. “तूच व्हय पद्मा? माझी जागा केलेली?” मी तिला काय आणि कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तिनेच सुरुवात केली.

“त्या रविवारी मी मागाच्या सुताच्या कांड्या भरत बसले हुते. तीन वाजल्यापास्नं जीव कशात लागंना. सासूबाई झोपलेल्या. म्हनलं, आता गोफ सुरू झाला असंल. उटले, पदर खोचला आन् केला की सगळा, मागच्या खोलीत. हातात फीत न्हाई, काय न्हाई. लई बरं वाटलं बघ.” ती हसली. मग तिने आवाज खाली आणला. “सोडवताना मधीच मला धोटा ऐकू येईना झाला. म्हनून मीच टाच मारत ऱ्हायले, पोरी चुकू नयेत म्हनून. मास्तर थांबले हुते का गं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मग लोक काय म्हनले?”

“टाळ्या वाजवल्या, अक्का. लई वाजवल्या.”

ती बराच वेळ मुलाचं झबलं नीट करत राहिली. “त्या मला ऐकू आल्या न्हाईत,” ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, धोटा थांबल्याचं तिला कुणीतरी कळवलं असेल. असेलही. पण मग माझे पाय? मी आयुष्यभर गणित शिकवलं, शक्यता मोजायला शिकवल्या. या एका दुपारचं उत्तर मला काढता आलेलं नाही आणि आता येईलसं वाटतही नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. मी फिरकी घेणार नाही.

त्या ओट्यावर मात्र मला उत्तराची गरज वाटली नाही. मी उठले, तिच्यासमोर उभी राहिले आणि एकटीनेच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. “बस की, येडी का काय!” म्हणत तिने तोंडावर पदर घेतला, पण मी थांबले नाही. आई विड्यांचं सूप खाली ठेवून दारात आली. “कशाच्या गं टाळ्या?”

“अकराव्या जागेच्या,” मी म्हटलं.

आईला काही कळलं नाही. पण तीही वाजवायला लागली.