रांगेत ठेवलेली एक चप्पल

आधीच सांगते, मी नर्स आहे आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. वॉर्डात रिकामी कॉट आपोआप सरकली की बाकीच्या मुली देवाचं नाव घेतात, मी जाऊन चाकाचा ब्रेक बघते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण जे झालं ते झालं.

मी गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीत राहते — काकांबरोबर. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आईवडील गेल्यावर या दोघांनीच मला वाढवलं. मावशी जन्मभर सरकारी हॉस्पिटलात आया होती. मी नर्सिंगला गेले आणि तिने मला नावाने हाक मारणंच सोडलं. "ओ सिस्टर, जरा भांडी घासा!" असं चालायचं घरात. मी सरकारी हॉस्पिटलात सिस्टर व्हावं, एवढंच तिचं स्वप्न. ते बघायला ती राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी गेली.

मावशीची खासियत म्हणजे रांगेत नंबर धरणं. रेशन असो, नाहीतर माझी अॅडमिशन. लोक पिशवी ठेवतात, पाण्याची बाटली ठेवतात. ही बाई एक चप्पल ठेवायची आणि दुसरी पायात घालून ऐटीत चहा प्यायला जायची. "दोन ठेवल्या तर चोरीला जातात. एक कोण नेणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर... अंधेरीच्या एका सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्सच्या थेट मुलाखती होत्या. वयाच्या अटीमुळे माझा हा शेवटचा चान्स. सकाळीच जाऊन उभी राहिले, बरीच पुढे होते. तेवढ्यात आतून कुणीतरी सांगत आलं — रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ओरिजिनलच लागेल. माझ्या फाइलमध्ये झेरॉक्स! आदल्या संध्याकाळी काकांनी माझी सगळी सर्टिफिकेटं देवापुढे ठेवून आमच्या कोकणातल्या पद्धतीने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं होतं, 'पोरीचं काम होऊ दे' म्हणून. आणि हे एक ओरिजिनल देवापाशीच राहिलं होतं.

माझ्या मागे घाटकोपरची निलोफर उभी होती, तिथेच ओळख झालेली. ती म्हणाली, "जा, पण वॉचमन उभे असलेल्यांनाच टोकन देतोय. मी नंबर धरला तरी ऐकणार नाही तो."

तरी गेले. रिक्षाने घर, रिक्षाने परत. येऊन बघते तर गेट बंद. वाट लागली! मी तिथेच रडायला लागले. वॉचमनने फटीतून डोकावून विचारलं, "पल्लवी सिस्टर तुम्हीच का?"

"हो..."

"मग या ना आत! तुमच्या मावशींनी डोकं खाल्लं माझं. शेवटी चपलेला टोकन दिलं!"

याचा काहीतरी घोळ झालाय असं समजून मी आत धावले. निलोफरच्या पुढे, माझ्या जागेवर, एकच तपकिरी चप्पल होती. पट्ट्यात टोकन खोचलेलं. तो पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता आणि शिवण माझी होती. नर्सिंगला असताना मी टाके घालायची प्रॅक्टिस मावशीच्या चपलेवर केली होती.

"यार, तुझी मावशी काय झकास बाई आहे!" निलोफर म्हणाली. "वॉचमनशी भांडली, माझे केस बांधून दिले. म्हणाली, साहेबांपुढे अशा झिंज्या घेऊन जाऊ नको. आत्ताच चहाला गेली बघ, एकच चप्पल घालून!"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. चप्पल पिशवीत टाकली आणि आत गेले. खरं सांगू? भीती कुठल्या कुठे पळाली होती. घरचं कुणीतरी बाहेर बसलंय अशा थाटात मी उत्तरं दिली. संध्याकाळी निवड झालेल्यांची नावं सांगितली, त्यात माझं होतं, निलोफरचंही. बाहेरच्या चहावाल्याने मात्र अशी कुठली बाई पाहिली नव्हती.

घरी गेले. मावशीच्या चपला काकांनी टाकू दिल्या नाहीत, रोज पुसून दाराजवळच्या स्टँडवर ठेवतात. आधी मी काकांना पेढा भरवला, मग विचारलं, "काका, मावशीच्या चपला?"

"थंयच आसत दोनय. सकाळीच पुसलंय."

स्टँडवर एकच होती. तिच्यावर चहाचा ओला डाग. मी पिशवीतली दुसरी काढून शेजारी ठेवली. काका बघतच राहिले. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मावशी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"शाणी आसा ती," म्हणाले. "दोनय ठेवली असती तर चोरीक गेली असती!"

गुडघेदुखीमुळे काका बिल्डिंगखालीसुद्धा उतरत नाहीत. घराची चावी तिसऱ्या कुणाकडे नाही. मी सगळं तपासलं, ब्रेक बघावा तसं. उत्तर मिळालेलं नाही. निलोफर आता माझ्याच वॉर्डात आहे आणि अजून विचारते, "मावशीला एकदा घेऊन ये ना!"

ड्यूटीला निघताना मी रोज स्टँडकडे बघते. दोन्ही चपला जागेवर असतात, आणि मला थोडं वाईटच वाटतं.