बाबांचे पाय दक्षिणेकडे

"डोक्यात रक्त साचलंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सीटी स्कॅनचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. मेंदूच्या डाव्या बाजूला करड्या रंगाची चंद्रकोर दिसत होती आणि तिच्या दाबाने मेंदू पलीकडे सरकला होता. आजाराचं नाव क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा. म्हणजे मेंदूच्या वेष्टणाखाली हळूहळू झिरपत साचलेलं जुनं रक्त.

"डोकं आपटलं होतं का कुठे?"

आई नाही म्हणाली. मग मला आठवलं. गणपतीचं मखर माळ्यावर चढवताना बाबांचं डोकं छताला लागलं होतं. टेंगूळही आलं नाही, ते स्वतःच हसले आणि आम्ही विसरून गेलो. पण त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. तुमच्या घरात अशा गोळ्या घेणारं कोणी असेल तर डोक्याला लागलेलं क्षुल्लक काहीही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

डोकं लागल्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटू लागली. एकदा बोरीवलीच्या बाजारातून ते एकाच चपलेने घरी आले आणि त्यांना पत्ताच नव्हता. सगळे म्हणाले, वय झालं. या दोन शब्दांचा मला आता मनापासून राग येतो. मग ते आईला 'वैनी' म्हणू लागले, तेव्हा कुठे आम्ही हललो.

रक्त काढायच्या पद्धती डॉक्टरांनी कागदावर कवटी काढून समजावल्या. बर होल म्हणजे भूल देऊन कवटीला नाण्याएवढी भोकं पाडायची, आत धुऊन घ्यायचं आणि नळी ठेवायची. ट्विस्ट ड्रिल म्हणजे एकच बारीक भोक, तेवढी जागा बधिर करून खाटेवरच. क्रॅनिओटॉमी म्हणजे हाडाचा तुकडाच उघडायचा. रक्त घट्ट झालं असेल तर. शिवाय मांडीतून तार घालून वेष्टणाची रक्तवाहिनी बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. "पण त्याने दाब लगेच उतरत नाही. आणि यांना थांबायला वेळ नाही."

बर होलने काम अधिक नीट होतं, पण बाबांच्या हृदयाला भूल झेपेल असं नव्हतं. ट्विस्ट ड्रिलचा त्रास कमी, मात्र रक्त पुन्हा साचायची भीती जास्त. आम्ही ट्विस्ट ड्रिलला हो म्हटलं. यात बरोबर उत्तर नसतं, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

भोक पाडलं, नळीतून इंजिन ऑइलसारखं काळपट पाणी पिशवीत उतरू लागलं. पिशवी डोक्याच्या पातळीखालीच राहायला हवी, नाहीतर पाणी उलटं आत जातं, आणि बाबांनी उशीशिवाय सपाट पडून राहायचं, असं सिस्टरने मला बजावलं. वॉर्डात जायचा पास एकाचाच होता. मी औषधं आणायला खाली गेले आणि आईला वर पाठवलं. पिशवीचं तिला सांगायचं राहिलं.

वॉर्डच्या खिडकीतून नॅशनल पार्कच्या टेकड्या दिसतात. त्यावरून आईने पूर्व ओळखली, मग दक्षिण. आमच्या कोकणातल्या घरात दक्षिणेकडे पाय करून कोणी झोपत नाही. तसं मेलेल्या माणसाला ठेवतात. त्यात बाबांचे डोळे मिटलेले, डोक्याखाली उशी नाही. तिने त्यांना खाटेवरच उलटं फिरायला सांगितलं. आयुष्यभर तिचं ऐकलेला माणूस, तो फिरला. नळी ताणली गेली म्हणून तिने पिशवी सलाइनच्या स्टँडला, वर टांगली.

सिस्टर ओरडली तेव्हा मी दारात होते. आई म्हणत होती, "दक्षिणेक पाय करून जित्या माणसाक कोण निजवता?"

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये चंद्रकोर पुन्हा भरली होती. डॉक्टर म्हणाले, "पिशवीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. काही जणांना असंही परत साचतं." आईने पहिलंच वाक्य ऐकलं, आणि तेही अर्धं.

मग भूल देऊन बर होल करावंच लागलं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आई तोंडाला पदर लावून बसली होती. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

बाबा वाचले. सिस्टर, डॉक्टर, सगळ्यांची मी ऋणी आहे. पण आनंद झाला असं म्हणवत नाही. उजव्या हाताने अजून घास तोंडापर्यंत जात नाही. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. आई बहुतेक वेळा वैनीच असते.

घरी फिजिओथेरपिस्ट आली. ती म्हणाली, लुळी बाजू खोलीकडे हवी, म्हणजे कोणी आलं-गेलं की ते त्या बाजूला वळतील. पण खाट भिंतीला टेकलेली. बाबांना तसं निजवायचं तर पाय दक्षिणेकडे येत होते. ती हे सांगत असताना मी आईकडे पाहायचं टाळलं. म्हटलं, खाट दुसऱ्या खोलीत लावून बघू.

आई उठली. बाबांची उशी उचलून तिने खाटेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

"रवांदे. पाय खंयच्याय दिशेक असांदेत," ती म्हणाली. "माणूस घरात आसा मां?"

मग तिने बाबांना फिरायला सांगितलं. या वेळी त्यांना जमेना. आम्ही दोघींनी मिळून त्यांना फिरवलं.